उरलेली दोन मिनिटं अकरा सेकंद

आमच्या घरात एक गाणं सदतीस वर्षांपासून अडलेलं आहे. माझी बायको चंपा ते कणिक मळताना म्हणते, भाजी निवडताना म्हणते, आणि माझ्याशी भांडण झालेलं असलं की जरा जोरात म्हणते.

सांज झाली दारी, बाई, दिवा नाही घरी,
रावा गेला उडून, पिंजरा डोले वाऱ्यावरी...

अशी दोन कडवी जातात. मग येतं, ‘परतून आला तर त्याला सांगा बाई’ आणि चंपा थांबते. कारण आमची कॅसेट तिथेच संपते. त्याला काय सांगायचं हे कोणालाच माहीत नाही. मधल्या काळात पोपट खरोखर परत आला असता तर आमच्याकडे निरोप तयार नव्हता.

ती कॅसेट मी सत्याऐंशी साली भिलाईत, सुपेला बाजारातल्या भय्याजीच्या दुकानात भरून घेतली होती. तेव्हा तशी पद्धत होती. कोरी कॅसेट घ्यायची, हव्या त्या गाण्यांची यादी भय्याजीला द्यायची आणि आठवड्याने जाऊन भरलेली कॅसेट आणायची. मी यादीत सोळा गाणी लिहिली होती. हे सतरावं गाणं यादीत नव्हतं. भय्याजीने ते आपल्या मनाने दिलं असावं, असं समजून मी सोडून दिलं. चंपाने मात्र ती सोळा गाणी सोडून दिली आणि हे धरलं.

मागच्या वर्षी तिला कमी ऐकू यायला लागलं. मी छत्तीस वर्षं भिलाईच्या पोलाद कारखान्यात, प्लेट मिलमध्ये काढली. तिथे दहा टनांची पोलादी पाटी रुळांवर आपटत जाते आणि शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानात शिरावं लागतं. माझे कान ठणठणीत आहेत. चंपाने जन्म स्वयंपाकघरात काढला आणि कान तिचे गेले. डॉक्टरीणबाईंनी एक आलेख दाखवला. रेघ डावीकडून उजवीकडे खाली घसरत गेलेली. असा आलेख प्लांटमध्ये निघाला की मीटिंग लागते.

“मशीन लगाने से बातचीत समझ में आएगी,” बाई म्हणाल्या. “गाने का नहीं कह सकते। साल भर में और उतरेगा।”

परतताना स्कूटरवर मागे बसून चंपा म्हणाली, “बोलनं नाई आयकू आलं तरी चालते मले. तुमी बोलता तरी काय असं? पन त्या बाईनं पुढं काय सांगतलं, ते आयकाचं हाय. कान हाय तोवर.”

आमची मुलगी संघमित्रा रायपूरला बँकेत आहे. तिने मोबाईलवर एक मंडळ शोधून काढलं: ‘अनाम गीत शोध मंडळ’. अकरा हजार सभासद. ज्या गाण्याचा गायक, कवी, साल काहीच माहीत नाही, असं गाणं तिथे टाकायचं आणि मग हे अकरा हजार लोक आपापली कामं सोडून त्याच्या मागे लागतात. मला वाटलं, इतक्या माणसांत तर आठ दिवसांत निकाल लागेल. प्लांटमध्ये इतकी वर्षं काढूनही माणूस भोळा राहू शकतो.

संघमित्राने कॅसेटवरचं गाणं मोबाईलमध्ये घेतलं. मी खाली लिहिलं, ‘हे एक जुनं गाणं आहे. पुढचं कोणाला येत असल्यास कळवावे. घरी गरज आहे.’

दहा मिनिटांत मंडळाचे संचालक कृष्णराव यांचं उत्तर आलं. ‘श्री. आनंदराव, आपण “जुनं” असं म्हटलं आहे. नियम चार पाहावा. पुराव्याशिवाय गाण्यास जुने म्हणू नये. तसेच “गरज” हा शब्द नियम अकराच्या विरोधात आहे. आपले प्रकरण क्रमांक चारशे बारा.’

मी चौदा नियम वाचले. आमच्या प्लांटच्या सेफ्टी बुकात इतके नव्हते, आणि तिथे माणूस जळण्याची सोय होती.

मग विद्वान उतरले. एकाने ठरवलं की बाई शास्त्रीय शिकलेली आहे. दुसऱ्याने ठरवलं की अजिबात शिकलेली नाही. दोघांनी एकाच सेकंदाचा पुरावा दिला. कॅनडातल्या एका सभासदाने तीन आठवडे अभ्यास करून कळवलं की मागे विजेची जी घरघर येते तीवरून रेकॉर्डिंग भारतात झालेलं असण्याची दाट शक्यता आहे. मी त्यांचे आभार मानले. आभार मानणं नियम आठमध्ये बसत नाही असं कळलं.

सगळ्यात मोठा शोध झांजेचा होता. गाण्यामागे काहीतरी बारीक खणखण वाजत असतं. माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं, आणि बारीक आवाज चंपाच्या कानातून सगळ्यात आधी गेले होते. एका संशोधकाने त्यावर चार पानं लिहिली. झांजेची लय सुरुवातीला संथ असून कडव्यागणिक वाढत जाते, विरहाची व्याकुळता वादनातून व्यक्त करण्याची ही प्रगल्भ रीत फक्त किनारपट्टीवरच्या देवळांत आढळते, सबब गायिका कोकणातली.

मी चंपाला ओरडून सांगितलं, “बाई कोकणातली हाय म्हणते!”

“मंग तिकडं फोन लावा,” ती म्हणाली.

चार महिने गेले. प्रकरण चारशे बाराखाली सहाशे उत्तरं झाली. त्यांतली दोनशे संशोधकांच्या आपसातल्या भांडणाची आणि नव्वद वाढदिवसाच्या शुभेच्छांची. चंपाला मशीन लागलं. ते लावून ती सकाळी टेपरेकॉर्डरशी बसायची, मग काढून टाकायची. “डब्यात बसून गाते बाई,” म्हणायची. रोज विचारायची, “लागला का पत्ता?” मी म्हणायचो, “चालू हाय.” माझ्या नोकरीत मी साहेबाला हेच उत्तर द्यायचो, तेव्हा ते इतकं खोटं वाटत नव्हतं.

पाचव्या महिन्यात मंडळावर तेच गाणं आणखी तिघांनी टाकलं. एकाचं अठ्ठेचाळीस सेकंदांचं, एकाचं एक मिनिट दहा सेकंदांचं, एकाचं एक मिनिट बावन्न. तीन ठिकाणी तुटलेलं. मंडळात दिवाळी झाली. कृष्णरावांनी जाहीर केलं की गाण्याच्या चार स्वतंत्र आवृत्त्या मिळाल्या असून कवीने ते टप्प्याटप्प्याने वाढवत नेलं असावं.

“बाबा,” संघमित्रा म्हणाली, “ये लोग हैं कहाँ के, हे तर कोणी विचारतच नाहीये.”

“नियम सहा. पत्ता विचारता येत नाही.”

“तो मैं अलग से पूछ लेती हूँ ना.”

तिने तिघांनाही वेगळा निरोप पाठवला. एक निघाला भिलाईच्याच सेक्टर सातचा. दुसऱ्याचे वडील प्लांटमध्ये. तिसरा राहतो बालाघाटला, पण सासरा भिलाईतून रिटायर. आणि तिघांच्याही कॅसेटा भरलेल्या कुठे, तर सुपेल्यात, भय्याजीकडे. अकरा हजार माणसं पाच महिने कोकणातली देवळं धुंडाळत होती आणि बाई आमच्या घरापासून स्कूटरने बारा मिनिटांवर होती.

दुसऱ्याच दिवशी मी सुपेल्याला गेलो. दुकानाच्या जागी मोबाईलची कव्हरं विकतात. मालकाला विचारलं, “इहाँ भैयाजी रहते थे?”

“अंकल, यहाँ सब भैयाजी हैं,” तो म्हणाला. “काम बोलो।”

शेजारच्या शिंप्याकडून कळलं की भय्याजी वारून पंधरा वर्षं झाली आणि घरचे लोक गाव सोडून गेले. कुठे, ते त्याला माहीत नव्हतं.

घरी येऊन मी कॅसेट हातात घेऊन बसलो. डबीत माझी यादी तशीच होती, माझ्याच अक्षरात. आता हे सांगायला पाहिजे की फर्नेसमध्ये कोणती पाटी किती मिनिटं तापवायची, ते बघणं माझं काम होतं. माझ्याकडे प्लांटचं स्टॉपवॉच असायचं. यादी करण्याआधी मी प्रत्येक गाणं रेडिओवर लागेल तेव्हा स्टॉपवॉच लावून मोजलं होतं. नव्वद मिनिटांची कॅसेट, एका बाजूला पंचेचाळीस. प्रत्येक गाण्यासमोर मिनिटं, सेकंद आणि खाली बेरीज. पहिल्या बाजूला उरले अठरा सेकंद. दुसऱ्या बाजूला दोन मिनिटं अकरा सेकंद. तेवढ्यात कोणतंच गाणं बसत नव्हतं म्हणून मला दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं.

मी पहिली बाजू लावली आणि शेवटपर्यंत पळवली. आठवं गाणं संपलं. मग अठरा सेकंद पेटी वाजली आणि खट. पोपटाच्या गाण्याची तीच पेटी! सदतीस वर्षं मी समजत होतो की ती आठव्या गाण्याची शेपटी आहे.

तेव्हा उजेड पडला. भय्याजीची सगळी गिऱ्हाइकं प्लांटची. प्लांटच्या माणसाला नव्वद मिनिटांची कॅसेट दिली तर त्याला नव्वद मिनिटं वाजली पाहिजेत. मध्ये कोरी फीत निघाली तर तो चालू शिफ्ट सोडून भांडायला येणार. म्हणून भय्याजी उरलेल्या जागेत एकच गाणं सुरुवातीपासून लावून द्यायचा. जागा संपली की गाणं संपलं. आवृत्त्या गाण्याच्या नव्हत्या. ज्याची यादी जितकी नेमकी, त्याचं गाणं तितकं तोकडं.

मी हे चंपाला तीन वेळा ओरडून समजावलं. तिसऱ्यांदा तिला समजलं. तिने यादी उचलून बेरजेवर बोट ठेवलं.

“म्हनजे माहं गाणं तुमीच तोडलं.”

“मी कायले तोडू? बेरीज तशी आली.”

“एक गाणं कमी लिवलं असतं तर काय मेमो भेटला असता?”

मी पेन घेऊन बेरीज पुन्हा केली. एक गाणं कमी लिहिलं असतं तर सात मिनिटं उरली असती. पूर्ण गाणं बसलं असतं. शिवाय ते सोळावं गाणं आम्ही कधी ऐकलंही नाही.

आता सरळ होतं. भिलाईत असा माणूस शोधायचा ज्याने भय्याजीकडे कॅसेट भरली आणि ज्याला बेरीज येत नव्हती. असा माणूस मला माहीत होता. लहानू रामटेके. प्लेट मिलमध्ये सत्तावीस वर्षं माझ्या शेजारी. त्याने नव्वदच्या कॅसेटसाठी दहा गाणी लिहून दिली होती. भय्याजीने विचारलं, बाकी जागेत काय भरू? तर लहानू म्हणाला, हवा भरा.

अडचण एवढीच की हा किस्सा मी लहानूच्या निरोपसमारंभात माईकवरून सांगितला होता. सगळी मिल हसली. पहिल्या रांगेत त्याचे व्याही बसले होते, तेही हसले. लहानू हसला नाही. त्याला नऊ वर्षं झाली. आमचं बोलणं बंद.

“त्याच्याकडं जाऊ आपन,” चंपा म्हणाली.

“तो हाकलून देईल.”

“तुमाले हाकलीन. मले कावून हाकलीन?”

रविवारी सकाळी आम्ही कुम्हारीला, लहानूच्या घरी निघालो. लहानूच्या टेपरेकॉर्डरचा भरवसा नव्हता म्हणून आमचाच घेतला. तो टॉवेलमध्ये गुंडाळून चंपा मांडीवर धरून मागे बसली. हायवेवर ट्रक कानाशी भोंगा वाजवत गेले, मी दोनदा गटाराकडे गेलो, चंपाने मान वळवली नाही.

फाटक लहानूनेच उघडलं.

“जय भीम,” मी म्हणालो.

“जय भीम,” तो म्हणाला. हे त्याला चुकवता येत नव्हतं. पण ‘या’ म्हणाला नाही. चंपाकडे पाहून म्हणाला, “वहिनी, या. सावलीत बसा.” मी उन्हात राहिलो.

चंपाने सगळं सांगितलं. कान, गाणं, पोपट. लहानूने ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळला.

“म्हनजे माह्या कॅसेटीत जी हवा भरली होती, ते आता तुले पायजे.”

“हो.”

“आनंदराव, पयले भाषण वापस घे.”

“नऊ वर्षांचं भाषण कसं वापस घेऊ?”

“जसं देल्लं तसं. उभा राहून.”

उभा तर मी होतोच. त्याची बायको सुनिता चहा ठेवून दाराशी आली. तिच्या, चंपाच्या आणि दोन कोंबड्यांच्या साक्षीने मी बोललो, “लहानू रामटेके यांनी नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये दहाच गाणी भरण्याचा जो निर्णय घेतला, तो दूरदृष्टीचा होता. मी सोळा भरली, हा माझा नादानपणा होता. मी माझे शब्द मागे घेतो.”

“व्याही हसले होते त्याचं काय?”

“त्यांचं हसणंही मागे घेतो.”

“माईक नाई, पन चालन,” लहानू म्हणाला. “पन कॅसेट नाई आता. फेकून देल्ली मी. तुह्या भाषणाच्या दुसऱ्या दिवशी.”

मी चंपाकडे पाहिलं. चंपाला ऐकू आलं नसावं. ती टेपरेकॉर्डरवरचा टॉवेल सोडत होती.

“काय खोटं बोलता जी,” सुनिता म्हणाली. “दर रविवारी तर आयकता. भाऊजी, तुमचं नाव घेऊन शिव्या देते अन् आयकते.” आणि आत जाऊन कॅसेट घेऊन आली.

दुसरी बाजू लावून पळवली. पाचवं गाणं संपलं. पेटी सुरू झाली. चंपाने मशीन काढून ठेवलं आणि डावा कान टेपरेकॉर्डरच्या जाळीला लावला. मी आवाज पूर्ण वाढवला. कोंबड्या निघून गेल्या.

सांज झाली. दिवा नव्हता. रावा उडाला. दोन मिनिटं आली. दोन मिनिटं दहा. माझा हात सवयीने बटणाकडे गेला. ‘परतून आला तर त्याला सांगा बाई’ आणि गाणं तुटलं नाही. पुढे गेलं.

‘सांगा बाई,’ तिने पुन्हा म्हटलं. ‘अगं, सांगा बाई,’ तिसऱ्यांदा म्हटलं. मागची झांज आता घाईघाईने वाजत होती, एकसारखी खणखणखण. पेटीने वरचा सूर धरला. बाईने श्वास घेतला.

“अवो दूध!” बाई ओरडली.

पेटी धपकन बंद पडली. पावलं पळाली. भांडं आदळलं. दुरून एका माणसाचं हसणं आलं, भय्याजीचंच, आणि तो म्हणाला, “भागीरथा, मशीन चालू हाय वं!”

“राहू दे चालू! सारं गेलं ना उतू!” तिकडून आवाज आला. मग काही नाही. फीत नुसती सरसरत राहिली. आणखी दहा-बारा मिनिटं तसंच होतं. लहानूने मागितली होती तशी हवाच होती.

चंपाने मान वर केली. शेवटचं बोलणं पेटीपासून दूर गेलेलं, तिला ऐकू आलं नव्हतं. “काय म्हनली? काय सांगाचं त्याले?”

“दूध!” मी ओरडलो.

“काय?”

“दूध! दूध उतू गेलं!”

“अगं माय!” म्हणत सुनिता स्वयंपाकघराकडे पळाली. चहासाठी ठेवलेलं तिचंही खरोखर गेलं होतं.

ती हात पुसत परत आली. मी विचारलं, “वहिनी, अन् मागं झांज वाजते ते?”

“झांज कायची? दुधात पालथी वाटी ठेवली हाय तिनं, उतू नाई गेलं पायजे म्हनून. तापलं का वाजते. आमाले तर पयल्यापासून मालूम हाय.”

“मंग सांगतलं कावून नाई कोणाले?”

“कोनी इचारलंच नाई,” लहानू म्हणाला. “तुमी सारे हसून राहिले होते.”

चंपाला हे सगळं पुन्हा सांगावं लागलं. वाटी, दूध, भय्याजीची भागीरथा. समजलं तशी ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, टेपरेकॉर्डरवर हात ठेवून हसली. डोळ्यांतून पाणी आलं. “म्हनजे तिनं सांगतलंच नाई! मी इतके वर्ष वाट पाहून राहिली अन् थे बाई दुधाकडं गेली!” मग म्हणाली, “मी बी गेली असती.” आणि लहानूला म्हणाली, “भाऊ, पुन्हा लावा एकदा. तिचं ओरडनं तेवढं आयकाचं हाय.” सात वेळा लावलं. सातव्या वेळी, कान जाळीला घट्ट दाबून, तिने बोट वर केलं. “आयकलं. दूध म्हनली.”

मी मंडळाला सविस्तर कळवलं. कृष्णरावांनी उत्तर दिलं की गायिकेचे आडनाव नसल्यामुळे आणि गीत मुळातच अपूर्ण असल्यामुळे प्रकरण चारशे बारा ‘अनिर्णित’ म्हणून बंद करण्यात येत आहे. झांजवाल्या संशोधकाने वाटी हे किनारपट्टीवरचं लोकवाद्य असल्याबद्दल नवीन चार पानं लिहिली. दूध गाईचं की म्हशीचं यावर अजून मतं येत आहेत.

लहानू आता रविवारी फोन करतो. शिव्या थेट मला देतो.

काल सकाळी मी पेपर वाचत होतो. चंपा ओट्याशी पाठमोरी पोळ्या लाटत होती, मशीन खिडकीत काढून ठेवलेलं. सूर पूर्वीसारखा लागत नाही आता, इकडे तिकडे जातो, तिला ते कळत नाही. पोपट उडाला. ‘परतून आला तर त्याला सांगा बाई’ आलं. मागे वाटी खणखणत होती, घाईघाईने.

“दूध!” मी ओरडलो.

ती लाटत राहिली. ‘सांगा बाई,’ दुसऱ्यांदा म्हणाली.

मी पेपर ठेवला, उठलो आणि तिच्या मागून हात घालून गॅस बंद केला. थोडं गेलंच होतं. तिने ओट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, खांद्यावरचं फडकं मला दिलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.